चकची किल्ली

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आम्हां दोघा भावांना एकाच वेळी एकच संध्याकाळ आठवली. ती शाळेच्या सभागृहातली होती. परंतु तिच्याकडे जाणारी वाट आमच्या बदलापूरच्या घरामागील पत्र्याच्या खोलीतून जाते. तेव्हा वाचकांनी आधी थोडा वेळ त्या खोलीत थांबावे, अशी विनंती आहे.

आमचे वडील, आबा, अंबरनाथच्या आयुध निर्माणीत टर्नर होते. त्याआधी आजोबा मुंबईच्या गिरणीत. विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक मिळे. पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. एवढ्या कारणावरून आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊकच आहे. आजोबांची सारी नोकरी सूतकताईच्या खात्यात गेली. यंत्र डोळ्यांसमोर, ते चालवण्याची ताकद अंगात, आणि हात लावायची मात्र बंदी, ही हकिगत आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की, भविष्य निर्वाह निधीवर कर्ज काढून आबांनी बटाल्याचा साडेचार फुटी जुना लेथ घरी आणला, त्या दिवशी आईवाचून कोणाला नवल वाटले नाही. आईचा आक्षेप व्यवहाराचा होता. त्या पैशांत घरावर स्लॅब पडला असता.

लेथ आला तरी पहिली दोन वर्षे आम्हांला त्याला फक्त तेल घालण्याची परवानगी होती. आबांचा क्रम ठरलेला होता: आधी कानस, मग करवत, मग भट्टी, आणि सर्वांत शेवटी यंत्र. सुट्टीत घरी आलो की व्हाइसमध्ये एक लोखंडी ठोकळा पकडून ते कामावर जात आणि संध्याकाळी परतल्यावर त्यावर गुण्या लावून तो उजेडासमोर धरीत. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची फट दिसली की ठोकळा परत आमच्या हाती. कानस पुढे जातानाच कापते, मागे येताना ती उचलायची. आणि पुढे जाताना हात झोपाळ्यासारखा हलला तर पृष्ठभाग मधोमध फुगतो. हे ऐकायला सोपे आहे. आमच्या हातांना ते समजण्यास एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली.

कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकला की तो कामावर ओरखडे काढतो. त्यावरचा उपाय म्हणजे कानशीवर खडू घासणे. मग कीस धरून राहत नाही. हे कळल्यावर पुढच्या सुट्टीत आम्ही शाळेतले सात-आठ खडू खिशातून घरी आणले. आबांनी ते कोठून आले एवढेच विचारले, आणि सुट्टी संपल्यावर तितकेच खडू कागदात बांधून आमच्याबरोबर परत धाडले. “दुसरे शील रोज म्हणता ना?” असे म्हणाले. खडूंची ती पुडी वर्गशिक्षकांच्या टेबलावर ठेवतानाची आमची अवस्था त्या वर्गातील मित्रांना अजून आठवत असेल.

करवतीचे शिक्षण थोडक्यात आटोपले. पातळ पत्र्याला इंचाला ३२ दातांचे पाते, जाड कामाला १८ चे. कारण कमीत कमी तीन दात एका वेळी कामावर टेकले पाहिजेत, नाहीतर पत्रा दोन दातांच्या मध्ये अडकून दात तुटतो. भट्टी मात्र आम्हांला फार प्रिय होती. चार विटा आणि एक ब्लो लॅम्प, एवढाच तिचा संसार. जुन्या बारीक गोल कानशीपासून आखणीची सुई करायची असली की, आबा ती लाल करून मधूनमधून चुंबकाजवळ नेत. चुंबक तिला ओढीनासे झाले की ती तापली असे समजायचे आणि लगेच बुडवायची. हे झाले पाणी देणे. पण असे पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून एक बाजू घासून चकचकीत करायची आणि टोकापासून दूर, हळूहळू पुन्हा ऊब द्यायची. मग त्या चकाकत्या बाजूवरून रंग चालत येतात: आधी वाळल्या गवताचा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुईच्या टोकाला पिवळा पोहोचला की थांबायचे, छिन्नी असेल तर जांभळ्यापर्यंत वाट पाहायची. पिवळा रंग साधारण २२५ अंशांना येतो आणि निळा ३०० च्या आसपास, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. आबांच्या घरी अंश नव्हते, रंग होते.

आणि तीन बिडाचे तुकडे. भंगारातून आणलेले, वीतभर लांबीचे. त्यांपासून सपाट पट्ट करायचे, तेही कोणत्याही तयार सपाट पट्टाच्या मदतीवाचून. एका तुकड्याला निळा रंग पुसून तो दुसऱ्यावर घासायचा. जेथे उंचवटा तेथे रंग लागतो, तेवढीच जागा खरवडणीने खरवडायची. आठ दिवसांत आमचे दोन तुकडे एकमेकांवर असे बसले की रंग सर्वत्र सारखा उमटू लागला. आम्ही आनंदाने आबांना बोलावले. त्यांनी तिसरा तुकडा त्यावर घासला आणि रंग फक्त मधोमध उमटला. एक तुकडा फुगीर झाला होता, दुसरा खोलगट. म्हणून त्यांचे एकमेकांशी इतके छान जुळले होते. तीन तुकडे आळीपाळीने एकमेकांशी जुळवले, तरच तिन्ही सपाट होतात. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने ही रीत १८४० मध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत मांडली होती. आबांनी ती कारखान्यातल्या एका वयस्क फिटरकडून उचलली होती.

आठवीनंतरच्या मे महिन्यात आबांनी लेथवर आमचे हात बसवले. एकच अट होती: ते घरी नसताना मोटार सुरू करायची नाही. खात्रीसाठी कामावर जाताना ते फ्यूज काढून खिशात टाकून नेत. एके दिवशी विसरले. आम्हांला ते दिसले. एकाने चकमध्ये सळई घट्ट केली आणि किल्ली तशीच चकमध्ये राहू दिली. दुसऱ्याने बटण दाबले. किल्लीचा दांडा फिरून खाली आदळला आणि लेथच्या बेडवर टेकलेले एक बोट त्याखाली सापडले. आमच्यापैकी एकाच्या उजव्या अनामिकेला वरचे पेर नाही. किल्ली कोणाकडून राहिली, बटण कोणी दाबले आणि बोट कोणाचे, हे आम्ही तेव्हापासून वेगळे करून सांगितलेले नाही, येथेही सांगत नाही.

रुग्णालयात आईने विचारले, आणि आम्ही सांगितले की, आबांनीच लेथ चालवायला सांगितले होते. दोघांचे सांगणे त्या दोन बिडाच्या तुकड्यांसारखे तंतोतंत जुळले. आबा कामावरच्या कपड्यांतच धावत आले होते. त्यांनी ते ऐकले आणि काही बोलले नाहीत. त्यानंतर नातेवाईक आले, शेजारी आले. पोरांच्या हाती यंत्र देणारा बाप कसला, असे जो तो म्हणून गेला. आईने एकच सांगितले: लेथ विकायचा. खोलीला कुलूप लागले. जूनमध्ये आम्ही शाळेत परतलो.

पावसाळ्यातली ती संध्याकाळ. त्रिशरण-पंचशील झाले, वंदना झाली, आणि भंतेजींनी महापरिनिब्बान सुत्तातील चुंदाची कथा सांगायला घेतली. पावा नगरीतला चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे धातूचे काम करणाऱ्याच्या घरातला. तथागतांनी अखेरचे भोजन त्याच्या घरी घेतले आणि त्यानंतर ते आजारी पडले. तशा अवस्थेतही कुसिनाऱ्याच्या वाटेवर त्यांनी आनंदाला बजावले की, चुंदाला कोणी दोष देऊ नये आणि त्याच्या मनात पश्चात्ताप उपजला तर तो दूर करावा. बुद्धत्वप्राप्तीपूर्वीचे भोजनदान आणि परिनिर्वाणापूर्वीचे हे भोजनदान, दोन्ही सारख्याच पुण्याची. आजवर आम्ही ही कथा सूकरमद्दव म्हणजे नेमके काय, या वादासाठीच ऐकली होती. त्या दिवशी ‘कम्मारपुत्त’ या शब्दापुढे आम्हांला काही ऐकू आले नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलेही नाही. रात्री वसतिगृहात दिवे गेल्यावर शेजारच्या खाटेवरून एवढेच आले, “दिवाळीत सांगू.”

दिवाळीत घरी गेलो. ओटीवर आबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. आम्ही दोघे समोर उभे राहिलो आणि जे खरे ते सांगितले. मध्येच एकाचा आवाज गेला, तेव्हा दुसऱ्याने पुढे सांगितले. आबा उठले, खुंटीवरून चावी घेतली आणि मागच्या खोलीचे कुलूप काढले. लेथ तेथेच होता, ग्रीस लावून गोणपाटाखाली झाकलेला. गिऱ्हाईक येऊन गेले होते, पण आबा भाव कमी करीत नव्हते.

त्यांनी खणातून चकची किल्ली काढली. तिच्या चौकोनी टोकाभोवती आता पोलादी तारेची स्प्रिंग होती. तार सळईवर गुंडाळून सोडली की उलगडते, म्हणून हव्या त्या मापापेक्षा बारीक सळईवर ती गुंडाळावी लागते. आबांनी ती चक हाताने फिरवून गुंडाळली होती. स्प्रिंग दाबल्याशिवाय किल्ली चकमध्ये जाईना, आणि हात सुटताच ती आपोआप बाहेर पडे.

“ही कधी केली?” आम्ही विचारले.

“जूनमध्ये. तुम्ही शाळेत गेलात त्याच आठवड्यात,” आबा म्हणाले. “बेडवर दांड्याचा ठोका उमटला होता. फ्यूज मात्र मीच विसरलो होतो.”

तो ठोका आम्हीही पाहिला. बेडच्या कडेला, बोटभर रुंद.

आबांनी बेडवर लाकडी फळी टाकली, फ्यूज खिशात घातला आणि किल्ली आमच्या हाती दिली. चकमध्ये घालायची, घट्ट करायची, हात सोडायचा. किल्ली फळीवर पडे, ती उचलायची, पुन्हा घालायची. आळीपाळीने किती वेळा केले ते मोजले नाही. बाहेर अंधार पडू लागला तेव्हा आबांनी किल्ली खणात ठेवली आणि आम्हांला आईकडे, स्वयंपाकघरात पाठवले.