चाकांवरचे घर

गेल्या हिवाळ्यात भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून आम्ही सहकुटुंब खालापूर तालुक्यात मोरबे धरणाच्या परिसरात दोन रात्री काढल्या. मुलांनी पक्षी पाहिले, पायवाटा तुडवल्या. संध्याकाळी गाडीच्या दाराशी स्टोव्हवर पिठले शिजले. समोर नवी मुंबईची तहान भागवणारे, धावरी नदीचे अडवलेले पाणी, वर इरशाळगड. त्याच्याच उतारावरची इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली.

"ते आधीच दुसरीकडे का नाही गेले?" धाकटीने विचारले.

हौसेखातर चाकांवरचे घर घेऊन आलेल्या आम्हांला उत्तर देणे जड गेले. आम्हांला वाटेल तिथून घर हलवता येते. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना सुरक्षित जागी घरे मिळाली, पण वाडी गेल्यानंतर.