कॉलेज सुटल्यावरचा रस्ता

लेकीला बारावी सायन्सला चांगले मार्क पडले आणि आमच्याकडे फोन सुरू झाले. सुरतेतल्या खान्देशी घरात पोरगी बारावी झाली की प्रत्येक नातेवाइकाकडे तिच्यासाठी एक कॉलेज तयार असतं. नंदुरबारची मावशी म्हणाली, आमच्याकडे ठेवा, रेल्वे थेट आहे. जळगावच्या काकांनी तिथल्या विद्यापीठाचं नाव काढलं. पुण्याचा भाचा तर फर्ग्युसनखाली बोलायलाच तयार नव्हता. गावाहून सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं, "कॉलेज कितलं दूर शे?" मार्क, फी, कटऑफ यांच्या गदारोळात कामाचा प्रश्न त्यांचाच होता.

आम्ही राहतो पर्वत पाटियाला. सुरतेचं हे पूर्वेकडचं अंग. एकीकडे लिंबायत-गोडादरा, दुसरीकडे मगोब-पुणागाम आणि मधून बारडोलीकडे जाणारा रस्ता. त्या रस्त्यावर दिवसभर ग्रे कापडाचे ताके नि साड्यांची पार्सलं भरलेले टेम्पो धावतात. संध्याकाळी लूमच्या आणि एम्ब्रॉयडरीच्या खात्यांची पाळी सुटली की माणसांचा लोंढा येतो. त्या लोंढ्यात उडिया, हिंदी, अहिराणी, गुजराती सगळं ऐकू येतं. मी मराठी शाळेत शिकवते, हे मार्केटमध्ये हिशोब लिहितात. लेकीला केमिस्ट्री घ्यायची होती. ज्या शहरात घरटी एक माणूस कापडाच्या धंद्यात आहे, तिथे रंगांचं रसायन शिकावंसं वाटणं नवलाचं नाही.

गुजरातेत 2024 पासून सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी जीकास हे एकच पोर्टल आहे. घरबसल्या फॉर्म भरायचा, कॉलेजं पसंतीक्रमाने लावायची. सोय चांगली आहे. पण पूर्वी फॉर्म आणायला तरी कॉलेजात जावं लागायचं, वाट पायाखालून जायची. आता नुसतं नाव निवडायचं. म्हणून मी वहीत तक्ता आखला. फी, विषय, लॅब आणि निकाल हे रकाने यांनी सांगितले. मी तीन वाढवले: पायी किती, अंधार कुठे, पाणी कुठे. आणि ठरवलं की कॉलेज बघायला सकाळी जायचं नाही, सुटायच्या वेळेला जायचं. सकाळी सगळीच कॉलेजं चांगली दिसतात.

पहिलं कॉलेज घरापासून चालत पंधरा मिनिटांवरचं. सासूबाईंच्या हिशोबाने पहिला नंबर त्याचाच. एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यांवर वर्ग, खाली दुकानं. कॅम्पस म्हणजे पार्किंग. आम्ही जिन्याने वर गेलो. जिना एकच, आणि त्याच्या वळणावर दुकानाची पार्सलं छातीएवढ्या उंचीची रचून ठेवलेली. दोन मुली एकमेकींना वाट देत आडव्या होऊन उतरत होत्या. टेरेसच्या दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे असते, हे शिपायाला सांगता येईना.

सुरतेतल्या आईबापांना असा जिना बघून काय आठवतं, ते सांगायला नको. 24 मे 2019 ला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर क्लास चालू होता. उतरायला वाट राहिली नाही. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 22 विद्यार्थी गेले. त्या दिवसापासून कुठल्याही क्लासला, कॉलेजला, हॉलला गेले की मी आधी दुसरा जिना शोधते. इथे तो नव्हता. लेकीने वहीतलं ते नाव स्वतःच खोडलं.

दुसरं शहराबाहेरचं एक खाजगी विद्यापीठ. हिरवळ, स्वच्छ इमारती, झकास लॅब, फाटकावर कडक तपासणी, घराजवळून नेणारी-आणणारी बस. हे खूश झाले. "पोरगी बसमध्ये बसली की आपल्याला काळजी नाही." मी तिथल्या मुलींना विचारलं, प्रॅक्टिकल लांबलं आणि बस चुकली तर? "आंटी, छूटने ही नहीं देते, प्रॅक्टिकल छोड़ देते हैं." लायब्ररी रात्री उघडी असते, पण बसवाल्या मुलींसाठी ती दुपारीच मिटते. त्या कॅम्पसवर मुलगी सुरक्षित होती यात शंका नाही. पण फाटकाबाहेर महामार्ग, पायी जाण्यासारखं काहीच नाही. तिथला तिचा दिवस बसचा ड्रायव्हर ठरवणार होता.

मग वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ. 1965 मध्ये स्थापन झालेलं, 2004 पासून कवी नर्मदांच्या नावाचं. उधना-मगदल्ला रोडवर 200 एकरांहून मोठं आवार, झाडं, रुंद रस्ते. चालायला याहून छान जागा सुरतेत कमी. बारावीनंतर थेट घेता येणारे पाच वर्षांचे काही एकत्रित अभ्यासक्रमही तिथे आहेत. बीआरटीएस विद्यापीठासमोरूनच जाते. पण बीआरटीएसचा थांबा असतो रस्त्याच्या मधोमध. म्हणजे चढताना अर्धा रस्ता ओलांडायचा, उतरल्यावर पुन्हा अर्धा. शिवाय आमच्याकडून जायचं तर मध्ये बस बदलणं आलं. आवार मोठं असण्याचा एक अर्थ असाही होतो की फाटकापासून विभागापर्यंतचं चालणंही मोठं. दुपारी ते फिरणं वाटतं, दिवस मावळल्यावर ते अंतर वाटतं. लेकीने लिहिलं: "दिवसा दहा, संध्याकाळी सहा."

चौथं ठिकाण अठवालाइन्स. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी 1912 ची, तिचं एमटीबी आर्ट्स कॉलेज 1918 चं. त्याच परिसरात पी. टी. सायन्स, के. पी. कॉमर्स, लॉ, इंजिनिअरिंग. आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटर. कॅम्पस असं मिरवायला काही नाही. जुन्या इमारती, जुनी झाडं आणि भोवती अख्खं शहर. पण कॉलेजं सुटल्यावर आम्ही तिथे उभ्या राहिलो आणि मी काही बोलायच्या आधी लेक म्हणाली, "मम्मी, इथे कोणी एकटं नाहीये." कोर्टातून परतणारे वकील, हॉस्पिटलात डबा घेऊन निघालेल्या बाया, झेरॉक्सवाला, लोचोची लारी, चौपाटीच्या बागेकडे निघालेले म्हातारे. एकटी मुलगी थांबली तर तिच्याकडे बघणारे दहा जण होते, पण दहाही जण आपापल्या कामात. टक लावून बघायला कोणालाच फुरसत नव्हती.

तिथून गेटपासून थांब्यापर्यंत चाललो. एका ठिकाणी मी सवयीने गल्लीतून जवळची वाट धरली. मागून येणारी एक मुलगी थांबली. "आंटी, सांजे अहींथी ना जता." तिने वर बोट दाखवलं. खांब होता, दिवा नव्हता. पुढच्या चौकातून वळसा घातला तर चार मिनिटं जास्त लागतात, पण दुकानं उघडी असतात. ही माहिती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. ती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचच्या मुलींकडे जाते. त्या मुलीला आम्ही अजून बरंच विचारलं. वॉशरूम स्वच्छ असतात का, तक्रार समितीतल्या मॅडमचं नाव बोर्डावर आहे का, 181 अभयम या महिला हेल्पलाइनला कधी कोणी फोन केला का. ऑफिसात हे विचारलं असतं तर "सगळी व्यवस्था आहे" एवढंच ऐकायला मिळालं असतं.

खरी अडचण निघाली आमच्या टोकाला. घरातून बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर. मी एका रविवारी शिवणाची टेप घेऊन निघाले. पोरगी लाजेने दहा पावलं मागे. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी 2012 मध्ये काढलेल्या निकषांत फुटपाथवर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, आणि फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं म्हटलंय. आमच्याकडे विजेची पेटी आणि उभ्या केलेल्या मोटारसायकली यांच्यामध्ये टेपवर 40 सेंटिमीटर भरले. एके ठिकाणी फुटपाथ इतका उंच की साडी सावरून चढावं लागतं. म्हणून कोणी चढतच नाही, सगळे टेम्पोच्या बाजूने रस्त्यावरून चालतात. पुढे मेट्रोचे पत्रे. सरोली ते भेसाण ही 18.74 किलोमीटरची दुसरी मार्गिका आमच्या बाजूने मगोब, मॉडेल टाऊन करत अठवा चौपाटीला जाणार आहे. म्हणजे मेट्रो धावू लागली की घराजवळ चढायचं आणि कॉलेजजवळ उतरायचं. पण बीएस्सीची तीन वर्षं मेट्रोसाठी थांबत नाहीत.

"पाणी कुठे" हा रकाना 23 जून 2025 च्या पावसाने भरला. त्या दिवशी सुरतेवर आभाळ फाटलं आणि आमच्याकडच्या खाड्या फुगल्या. मिठी खाडीचं पाणी लिंबायत-पर्वत पाटिया भागात शिरतं, हे आम्हाला नवीन नाही. पाऊस थांबला तरी ते लवकर ओसरत नाही. अठवालाइन्सकडे रस्ते मोकळे झाले तेव्हा आमच्या गल्लीत गुडघ्याला पाणी होतं आणि गटाराची झाकणं कुठली उघडी आहेत ते दिसत नव्हतं. शेजारच्या भाभीने दोन झाकणांच्या जागी बांबू उभे केले. तेव्हा यांनीच विचारलं, अशा दिवशी हजेरी कशी भरतात? आम्ही कॉलेजात फोन करून विचारलं. वर्गशिक्षकांना कळवलं तर बघतात, असं उत्तर आलं. तेही वहीत गेलं.

फॉर्म भरायच्या आदल्या रात्री लेकीने वही माझ्यासमोर ठेवली. "मम्मी, खरं सांग. मी मुलगा असते तर तू टेप घेऊन फिरली असतीस?"

नसते फिरले. तिला तसंच सांगितलं. मग तिला गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ बाईंच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजनिवडीचा आणि रोजच्या वाटांचा त्यांनी अभ्यास केला. त्यात दिसलं की जास्त सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी मुली वरच्या दर्जाचं कॉलेज सोडून दर्जाच्या यादीतल्या खालच्या अर्ध्यातलं घ्यायला तयार होतात, आणि मुलांच्या तुलनेत वर्षाला 18,800 रुपये जास्त मोजायलाही. म्हणजे रस्ता खराब असल्याचा दंड मुली भरतात, कधी पैशांत, कधी डिग्रीत.

"मग तुझे तीन रकाने म्हणजे तोच दंड ना?" ती म्हणाली. मी तोडीस तोड उत्तर शोधत होते, तेवढ्यात यांनी मध्यस्थी केली. शेवटी तिने नियम केला. विषय आणि लॅब आधी. रस्त्याच्या रकान्याने कॉलेज बाद करायचं नाही, फक्त कसं जायचं ते ठरवायचं. बाद करायचं ते दोनच कारणांनी: इमारतीतून सुटका नसेल तर, आणि बस सुटल्यावर कॅम्पसमधून सुटका नसेल तर. या नियमाने अठवालाइन्स पहिलं आलं, विद्यापीठ दुसरं. माझ्या तक्त्यानेही हेच आलं असतं, पण आता ती निवड तिची होती. जळगाव आणि पुण्याच्या फोनना तिनेच उत्तरं दिली.

प्रवेश झाला. दुपारच्या प्रॅक्टिकलची बॅच मिळाली की सुटायला संध्याकाळ होते. त्या दिवशी ती गल्ली सोडून चौकातून येते. गोडादऱ्याची आणि डिंडोलीची अशा दोघी सोबत असतात. उतरल्यावरच्या आमच्याकडच्या वाटेसाठी तिने हेडफोन न लावायचं स्वतःच ठरवलं. मला रोज फोन करायचा नाही, हेही तिनेच ठरवलं. ते मला अजून जड जातं.

विजेच्या पेटीपाशी लावलेल्या गाड्यांबद्दल सोसायटीतल्या आम्ही काही जणींनी अर्ज दिलाय, टेपवरच्या मापांसकट. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं, तेही अर्जात घातलं. गाड्या अजून तिथेच आहेत, पण पोच मिळालीय.

यंदा सोसायटीतल्या बाया मला विचारायला येतात, कुठलं कॉलेज चांगलं? मी नाव सांगत नाही. सांगते की सुटायच्या वेळेला जा, पोरीला सोबत न्या, थांब्यापर्यंत पायी चाला, दुसरा जिना शोधा आणि ऑफिसाऐवजी गेटवरच्या मुलींना विचारा. कॉलेजं नॅकची श्रेणी फाटकावर मोठ्या अक्षरांत लावतात. शेवटचं प्रॅक्टिकल कितीला सुटतं, त्यानंतरची बस कितीला आहे आणि थांब्यापर्यंतचे किती दिवे चालू आहेत, हेही तिच्याखाली लिहायला काय हरकत आहे? लिहायची वेळ आली की बंद दिवे निदान मोजले तरी जातील.