मन, मोजमाप आणि आमची आजी

"मानसशास्त्र स्पेशल घेतलेस, आता पुढे काय?" या प्रश्नाला मी आजवर माणूस पाहून उत्तरे दिली आहेत. एस.टी.त शेजारी बसलेल्या मावशींना सांगितले, मास्तरीण होणार. मामांना सांगितले, स्पर्धा परीक्षा देणार. आण्णांना मात्र खरे ते सांगितले : एम.ए. करायचे आहे, आणि जमले तर त्यापुढे संशोधन. आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी येड्यांचा डाक्टर?"

मी समजावले की तो डॉक्टर वेगळा. तो आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनाच्या रोगांवर औषध देतो. मानसशास्त्राचा संशोधक माणसे कशी शिकतात, कशी विसरतात, कशाला भितात याचा शोध घेतो. यावर आण्णांनी विचारले, "मंग त्यानं कुनी बरं व्हत नाय, तर शिकायचं कशापायी?" मित्रहो, प्रश्न रास्त आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून दसरा झाला की निम्मी घरे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेऊन माझी आई आणि आण्णा एक कोयता म्हणून टोळीत जातात, ते पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. अशा घराने मुलीला आणखी दोन वर्षे शिकवायचे, तर कशापायी हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पुस्तकातले उत्तर सोपे आहे. १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट याने प्रयोगशाळा काढली आणि मनाचा अभ्यास तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला. आपल्याकडे १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात हा विषय स्वतंत्रपणे सुरू झाला. पुणे विद्यापीठात प्रा. व्ही. के. कोठुरकरांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला. ही नावे परीक्षेला उपयोगी पडतात. मला मात्र अडकवून ठेवले ते डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी.

पॅरिसच्या शाळांत मागे पडणारी मुले ओळखावीत म्हणून आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सायमन यांनी १९०५ मध्ये बुद्धीची एक कसोटी तयार केली. ती जगभर गेली. कामतांनी धारवाडकडे तिचे कानडी आणि मराठी रूप तयार केले. त्यावरचा त्यांचा निबंध १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. वाचताना वाटते, नुसते भाषांतर तर केले! पण नुसत्या भाषांतराने हे काम होत नाही. पॅरिसच्या मुलाला ठाऊक असलेली नाणी धारवाडच्या पोराला कुठून ठाऊक असणार? प्रश्न बदलला की त्याची अवघड-सोपी पायरी बदलते, आणि मग कोणत्या वयाच्या मुलाला तो यावा हे इथल्या मुलांवर पुन्हा तपासून पाहावे लागते. पुढे १९५५ मध्ये सी. एम. भाटियांनी अक्षरओळख नसलेल्या मुलांनाही देता येईल अशी पाच भागांची कृतिकसोटी प्रसिद्ध केली : रंगीत ठोकळे जुळवा, आकृती काढा, चित्राचे तुकडे लावा. लिहिता न येणाऱ्यालाही बुद्धी असते, हे आमच्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. पण ते मोजून दाखवायला माणसाला किती खपावे लागले!

हे सगळे मला महत्त्वाचे का वाटते, त्याला आमची आजी कारण आहे. मी बारावीत असताना गावात एक संशोधक ताई आल्या होत्या. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनःस्थितीचा त्यांचा अभ्यास होता. भर उन्हात घरोघर हिंडत होत्या, पाणी मागून पीत होत्या, बोलायला गोड होत्या. प्रथम त्यांनी संमतीपत्र वाचून दाखवले. आजीने विचारले, "अंगठा कशाला? जमिनीचं काय हाय का?" ताई हसल्या, मीही हसले, पण आमच्याकडे कागदावर अंगठा उठला की काहीतरी जाते, हा आजीचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

मग प्रश्नावली सुरू झाली. प्रत्येक विधानाला पाच पर्याय : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली, हे मला आता कळले. त्या दिवशी मी नुसती दुभाषी होते. ताईंनी वाचले, "मला बहुतेक वेळा एकटे वाटते." आजी म्हणाली, "कवाचं इचारती बाई? दसऱ्याच्या आधीचं का पाडव्याच्या आधीचं?" ताईंनी पुन्हा वाचले. आजीने पुन्हा तेच विचारले. पुढचे विधान होते, "निर्णय घेताना मला भीती वाटते." आजी म्हणाली, "कसला निर्नय? शेळी इकायचा का पोरीच्या लग्नाचा?" दोन्ही ठिकाणी ताईंनी 'सांगता येत नाही' यावर खूण केली.

मला ते आजही खुपते. आजीला सांगता येत नव्हते असे नाही. तिने फार नेमके सांगितले होते. सहा महिने घर भरलेले आणि सहा महिने रिकामे असते, तिथे 'बहुतेक वेळा' म्हणजे कधी? ताईंचा दोष मी मानत नाही. त्यांच्या हातात पाचच रकाने होते आणि सहावा काढायची परवानगी नव्हती. त्या अभ्यासाचे पुढे काय झाले, ते मात्र गावाला कोणी सांगायला आले नाही.

यंदा ग्रंथालयात अलेक्झांडर लुरिया या रशियन शास्त्रज्ञाची हकीकत वाचली आणि आजी आठवली. १९३१-३२ मध्ये तो उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांकडे गेला. दूर उत्तरेत, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव दूर उत्तरेत आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकऱ्यांची उत्तरे अशा धर्तीची की, आम्ही ती पाहिलेली नाहीत, ज्याने पाहिली त्याला विचारा. लुरियाने याचा अर्थ असा लावला की शाळा शिकल्यावाचून माणूस नुसत्या शब्दांवरून अनुमान काढायला तयार होत नाही. असेलही. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल साक्ष द्यायची नाही, हीसुद्धा एक विचार करण्याची रीत आहे, नाही का?

असो. आता ज्या पानाने माझी झोप उडवली त्याविषयी. जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. लहान मूल आईपासून दीर्घकाळ तुटले तर त्याच्या मनावर खोल परिणाम होतात, असा त्याचा आशय. आधी मूल आकांत करते, मग खिन्न होते, मग अलिप्त होते, अशा पायऱ्याही पुस्तकात दिल्या आहेत. वर्गात सर हे शिकवत होते आणि मला वाटले, हे आमच्याच घराविषयी चालले आहे. माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा असताना पहिल्यांदा आजीपाशी राहिला. पाडव्याच्या सुमारास आई परतली, ट्रॅक्टरमधून उतरून हात पसरून आली, तर हा आजीच्या लुगड्याआड दडला. दोन दिवस तिच्याजवळ गेला नाही. आईने त्याच्यासाठी आणलेली रेवडी त्याने आजीच्या हातून खाल्ली. आई काही बोलली नाही. धुण्याचे गाठोडे घेऊन ओढ्यावर गेली.

म्हणजे पुस्तक खरे होते. पण मग आम्ही दोघे बिघडलेली मुले आहोत काय? मी पुढे वाचत गेले. बोल्बींचा पुष्कळसा पुरावा अनाथालयांतल्या आणि रुग्णालयांतल्या मुलांचा होता, आणि तिथे आजी नव्हती. १९७२ मध्ये मायकेल रटर यांनी हा सगळा विषय पुन्हा तपासला आणि आई दूर जाणे व मुलाला कोणीच आपले नसणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. त्याहून नवल वाटले ते मेरी एन्सवर्थ यांचे. त्या १९५४ मध्ये युगांडात गेल्या. अंगावरचे दूध तोडताना मूल आजीकडे पाठवायची तिथली जुनी चाल होती आणि त्या ताटातुटीचा अभ्यास त्यांना करायचा होता. तिथे पोचल्यावर कळले की ती चाल बहुतेकांनी सोडली आहे! मग त्यांनी २६ घरांत जाऊन, बसून, आई आणि बाळ यांना नुसते पाहिले, आणि १९६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना न मिळालेला विषय आमच्या तालुक्यात दरसाल दसऱ्याला गाडीत बसून निघतो. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला पाटाचे पाणी आणि कारखाने, दक्षिणेला दुष्काळ. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हापासूनच्या हंगामांत किती मुले आज्यांनी सांभाळली असतील, कोण जाणे!

मला एम.ए.नंतर यावर काम करायचे आहे. वाट सोपी नाही. 'नेट'ची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते, मराठीत नसते. संशोधनासाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण त्या पीएच.डी.ला; आधीची दोन वर्षे घराने सोसायची. थोरल्या बहिणीने सातवीत शाळा सोडली ती कोपीवर भाकरी थापायला. तिच्यापुढे हा हिशेब मांडताना माझी जीभ जड होते. आण्णांनी अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. "यंदाचा पट्टा पडू दे, मंग बगू," एवढेच म्हणाले.

आईला विषय सांगितला तेव्हा तिने कालवण ढवळत ऐकून घेतले. मग म्हणाली, "पोरांनाच इचारनार का आयांनाबी?" हे माझ्या टिपणात नव्हते, त्याच रात्री लिहून ठेवले. मग ती आपण होऊन बोलू लागली. शेजारच्या कोपीतले लेकरू रडले की तिच्या हातातला कोयता थांबायचा. पाडवा जवळ आला की पोरगं ओळखील का नाही याच्या धास्तीने तिला झोप लागायची नाही. हे ती अकरा वर्षांनी प्रथमच बोलत होती. दारात बसून आण्णाही ऐकत होते.

येत्या दसऱ्याला टोळी निघण्यापूर्वी वाडीतल्या बाकीच्या बायांशी बोलून घ्यायचे ठरवले आहे. सरांनी सांगितले आहे की आत्ताच प्रश्नावली करू नकोस, आधी नुसते ऐक. शंभर पानी वही आणली आहे. पहिल्या चार पानांवर आईचे बोलणे आहे.