तिखट, खार आणि कटू

मसाल्याची मिरची घ्यायला गेले, की आमच्या बेळगावचा दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "रंगाला हवी, का तिखटाला?" रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. दोन्ही लालच, पण जिभेला कळते कोण कुठली! तिखट या शब्दाचेही तसेच आहे.

माझी धाकटी जाऊ धारवाडकडची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात जेवताना म्हणाली, "आई, आमटीत खार जास्त झालाय." सासूबाईंना रक्तदाब, मीठ कमी खायला डॉक्टरांनी बजावलेले. त्यांनी वाटी बाजूला सारली नि दूध-भातावर उठल्या. मी चव घेतली, तर मीठ बेताचेच. मिरची मात्र सणसणीत! कानडीत 'खार' म्हणजे तिखट, मीठ म्हणजे 'उप्पु'.

अशीच गंमत संस्कृत आणि मराठीची. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटू' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' आला कटूवरूनच, पण चव बदलून! तेव्हा वैद्यांनी कटू रस टाळा म्हटले, तर कारले नव्हे, मिरची-मिरे टाळायचे.

मुळात 'मिरची' हे नावच उसने. हे झाड अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आले. त्याआधी तिखटपणा मिरे, पिंपळी, सुंठीचा. या नव्या फळाला मिऱ्यावरून आपण मिरची म्हटले. कानडीनेही 'मेणसु'वरून 'मेणसिनकायी' केले.

शास्त्र तर म्हणते, तिखट ही चवच नव्हे. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवते, म्हणून तोंड भाजल्यासारखे वाटते. हे कोडे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये उलगडले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठसका लागल्यावर पाण्यापेक्षा दूध-दही बरे. आणि ते बियांत नव्हे, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत जास्त असते. आजारी माणसासाठी मिरची घालायचीच, तर ती शीर काढून घालावी.

आपल्या सीमाभागात कित्येक घरांत दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. त्यात बिघडत काही नाही. पण घरात कुणाचे पथ्य असेल, तर शब्दावर विसंबू नये. आधी थेंबभर तळहातावर घेऊन चाखावे, मगच वाटी पुढे करावी.