गटारातले मृत्यू आणि नववीचं गणित

सेप्टिक टाकीत किंवा गटारात कामगार मेला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘गुदमरून मृत्यू’. पोलिसांच्या कागदावर ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. ठेकेदार म्हणतो, दुर्दैवी अपघात. आमचं म्हणणं असं आहे की, ज्या गोष्टीचं गणित नववीतलं पोरगं वहीत करून दाखवू शकतं, तिला अकस्मात म्हणता येणार नाही. हे म्हणणं आमच्या वस्तीतल्या विहारात, रविवारच्या अभ्यासवर्गात, फळ्यासमोर तयार झालं. ते कसं, ते सांगतो.

वर्ग चालवणारे आम्ही तिघं-चौघं समाजशास्त्र शिकलेले. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेबरोबरच संपलेला. त्यामुळे ‘रेणुवस्तुमान’ शिकवायची वेळ आली तेव्हा आदल्या रात्री आम्हीच पुस्तक घेऊन बसलो. आणि लक्षात आलं की हे किराणा दुकानाच्या बिलाइतकंच सोपं आहे. सूत्रात कोणते अणू किती आहेत ते बघायचं, प्रत्येकाच्या अणुवस्तुमानाने गुणायचं आणि बेरीज करायची. पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू, प्रत्येकी १, आणि ऑक्सिजनचा एक, १६. बेरीज १८. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन १२ आणि ऑक्सिजनचे दोन मिळून ३२, बेरीज ४४. हाच आकडा ग्रॅममध्ये लिहिला की ते त्या पदार्थाच्या एका मोलचं वस्तुमान. १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यांत रेणूंची संख्या सारखीच असते.

सरावासाठी आम्ही फळ्यावर तीन वायू लिहिले. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड. उत्तरं आली १६, १७ आणि ३४. तिसऱ्या नावापाशी एक पोरगा म्हणाला, “सर, सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच ना हा? पप्पांच्या कपड्यांना येतो.” त्याचे वडील रोजंदारीवर सेप्टिक टाक्या साफ करायला जातात.

पुढचा सगळा वर्ग त्या एका वायूवर गेला. आधी हवेशी तुलना केली. हवा हे एक संयुग नाही, मिश्रण आहे. पण त्यात मुख्यतः नायट्रोजन (२८) आणि ऑक्सिजन (३२) असल्यामुळे सरासरी २९ च्या आसपास येते. म्हणजे मिथेन हवेपेक्षा हलका आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, साधारण १७ टक्क्यांनी. पोरं लगेच म्हणाली, म्हणून तो खाली बसतो. हे अर्धंच खरं आहे, हे आम्हाला सांगावं लागलं. थोडासा वायू हवेत एकदा मिसळला की तो आपोआप वेगळा होऊन तळाशी जात नाही. तो तळाशी सापडतो कारण तो तयारच तळाशी होतो. गाळात ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटपासून हा वायू बनवतात. माणूस उतरून गाळ ढवळतो तेव्हा साठलेला वायू एकदम सुटतो. वर झाकणाएवढं भोक, हवा खेळायला जागा नाही आणि वायू जड. तीन गोष्टी एकत्र आल्या की तो तिथेच राहतो.

मग हिशेब केला की किती वायू पुरतो. समजा, टाकीची रिकामी जागा लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी २ मीटर. म्हणजे ८ घनमीटर, ८,००० लिटर. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे हजार भाग झाले तर काही श्वासांतच माणूस कोसळतो. हजार भाग म्हणजे हजारावा हिस्सा, ८ लिटर. आपल्याकडच्या तापमानाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४ लिटर जागा घेतो. म्हणजे हा झाला मोलचा तिसरा हिस्सा. ३४ ला ३ ने भागलं. उत्तर, अकरा ग्रॅमच्या थोडं वर.

चहात घालतो त्या साखरेचे दोन-तीन चमचे. एवढा वायू एक टाकी भरून मरण तयार करतो. फळ्यावर तो आकडा आल्यावर वर्गात कोणी बोललं नाही. त्या पोराने तो वहीत लिहून घेतला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील म्हणाले, “दादा, आम्ही काय येडे नाही. झाकण काढून ठेवतो. आधी लय वास येतो. वास गेला की मग उतरतो.”

या वाक्याने आम्ही हादरलो. कारण हा वायू थोडा असतो तेव्हाच त्याचा वास येतो. दहा लाखांत शंभर भागांच्या पुढे गेला की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. झाकण उघडल्यावर वास कमी होतो तो कधी वायू निघून गेल्यामुळे, तर कधी नाक बंद पडल्यामुळे, आणि माणसाला त्यातला फरक कळत नाही. ज्या खुणेवर ते इतकी वर्षं विसंबून होते, ती खूण जीव घेणारी होती. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. काडी पेटवून बघणं तर आणखी वाईट, कारण सोबतचा मिथेन स्फोट करू शकतो. आणि ‘गुदमरून’ हा शब्दही अपुरा आहे. हा वायू विष आहे. शरीराच्या पेशींना मिळालेला ऑक्सिजन तो वापरू देत नाही. म्हणूनच पहिल्याला काढायला उतरलेला दुसरा आणि त्याच्यामागे तिसराही मरतो.

आता प्रश्न असा की हे गणित कोणाला माहीत नव्हतं? टाकीचा आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरला माहीत आहे. कामाचं टेंडर काढणाऱ्या अधिकाऱ्याने कॉलेजात यावर मार्क मिळवलेत. त्यालाच आपण मेरिट म्हणतो. ज्याच्याकडे ३४ हा आकडा आहे तो झाकणाच्या वर उभा आहे आणि ज्याच्या फुप्फुसात तो आकडा जाणार आहे त्याला तो कधी सांगितलाच गेला नाही. बाबासाहेबांनी जातीला श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटलं. आम्ही त्यात एवढंच जोडू की ही विभागणी ज्ञानाचीही आहे, आणि ती माणसं मारते.

कायदा नाही असंही नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या गटारातल्या मृत्यूंसाठी प्रत्येकी १० लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण ‘अकस्मात’ हा शब्द एकदा कागदावर आला की ठेकेदाराला वाट मोकळी होते. वरून बोललं जातंच, ‘दारू प्यायला होता’. अरे, शुद्धीवर राहून त्या घाणीत कोण उतरेल?

आपल्यातल्या शिकलेल्यांनाही एक विचारायचं आहे. फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या आपल्या किती लोकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, की टाकी साफ करायला मशीन येतं की माणूस उतरतो? चौदा एप्रिलला निळा झेंडा लावणाऱ्या सोसायटीच्या मागच्या बाजूला झाकण उघडून माणूस उतरत असेल, तर त्या झेंड्याचा उपयोग काय?

या गोष्टीचा शेवट गोड नाही. त्या वडिलांनी पुढच्या कामाला ठेकेदाराकडे वायू मोजायचं मीटर आणि सक्शनची गाडी मागितली. ठेकेदार हसला नाही, भांडला नाही. त्याने दुसऱ्या वस्तीतून दोन माणसं बोलावली. यांची मजुरी गेली आणि त्यानंतर चार आठवडे फोन आला नाही. घरात त्यावरून वाद झाला, आणि आम्हालाही ऐकून घ्यावं लागलं, “तुमच्या गणितानं चूल पेटती का?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. एकट्या माणसाला खरं गणित दिलं आणि त्याला एकटंच सोडलं, तर त्याची फक्त मजुरी जाते. आणि मरण टळत नाही, शेजारच्या वस्तीत जातं. ही चूक आमची होती.

म्हणून पुढच्या महिन्यात आम्ही त्या दुसऱ्या वस्तीत गेलो. तिथल्या समाजमंदिरात तोच फळा मांडला, तोच हिशेब त्या पोरानेच करून दाखवला. आता दोन्ही वस्त्यांतल्या अकरा जणांनी मिळून ठरवलंय की माणूस उतरवण्याच्या कामाला कोणीच जायचं नाही, मशीनवरच्या कामाला सगळे जातील, आणि विचारणा आली की तारीख, पत्ता लिहून ठेवायचा. पालिकेला अर्ज दिलाय, त्यात ८ घनमीटर आणि ११ ग्रॅमचा हिशेब जोडलाय. म्हणजे उद्या काही झालं तर ‘माहीत नव्हतं’ असं कोणाला म्हणता येणार नाही.

तथागतांनी कालामांना सांगितलं होतं, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, स्वतः तपासा. आपल्या घरातल्या पोराला आज ३४ चा आकडा काढायला लावा. मग आपल्याच इमारतीमागचं झाकण कोण उघडतो, ते बघून या.

जयभीम!