शर्करेचा परवाना

कुपीतील पांढऱ्या भुकटीवर पाणी सोडताना ते धारेने ओतायचे नाही, काचेच्या अंगावरून सावकाश ओघळू द्यायचे, आणि मग कुपी न खळखळवता हातात कलती धरून नुसती फिरवायची. कारण फेस झाला की प्रथिनाची घडी मोडते, आणि घडी मोडलेले विकर कितीही मोलाचे असले तरी रुग्णाच्या कामाचे राहत नाही. पॉम्पे व्याधीच्या रुग्णांना दर पंधरवड्याला शिरेवाटे विकर देता देता हे हातात बसले आहे.

या व्याधीत पेशीच्या लयकारिकांमध्ये ग्लायकोजेन साचते, कारण ते फोडणारे विकर जन्मतःच उणे असते. तेव्हा तेच बाहेरून पुरवावे, हा विचार इतका सरळ आहे की त्यात कारागिरी ती काय, असे कोणासही वाटावे. कारागिरी आहे ती विकराला जडलेल्या शर्करासाखळ्यांत. विकराच्या अशाच उणिवेतून होणाऱ्या गॉशर व्याधीसाठी अमेरिकेत रॉस्को ब्रेडी यांनी मानवी वारेतून विकर काढून दिले, तेव्हा त्यातील बराचसा भाग यकृताच्या भलत्याच पेशींनी गिळला. पुढे साखळीच्या टोकाच्या शर्करा क्रमाक्रमाने छाटून आतला मॅनोज उघडा केला, तेव्हा कोठे भक्षक पेशींनी त्याचा स्वीकार केला, आणि १९९१ साली त्या औषधास मंजुरी मिळाली. विकर तेच राहिले. बदलला तो नाक्यावर दाखवायचा परवाना.

पॉम्पेत गाठायचे असतात ते स्नायू, आणि त्यांना मात्र मॅनोज-६-फॉस्फेट लागते. पॉम्पेच्या २००६ सालच्या औषधावर ते विरळ होते, म्हणून किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे गॉशरच्या मानाने कितीतरी पट, मात्रा ठरली. मात्रेच्या जोरावर उणीव झाकण्याला मी सुधारणा म्हणत नाही. मात्रा वजनावर ठरत असल्याने मूल अंगाने भरू लागले की आईवडिलांचे समाधान आणि खर्चाची दरखास्त ही दोन्ही एकदमच वाढतात, भारताच्या दुर्मिळ व्याधींसाठीच्या राष्ट्रीय धोरणातील मदतीची ५० लाखांची मर्यादा मात्र आहे तेथेच असते. २०२१ साली आलेल्या औषधात प्रौढांची मात्रा तीच ठेवून मॅनोज-६-फॉस्फेट सुमारे पंधरापट वाढवले, ही खरी सुधारणा.

त्याहूनही मनोहर युक्ती २०२३ सालची. विकर घडलेले असते लयकारिकेतील आम्लतेसाठी, रक्तात ती नसते, म्हणून वाटेतच त्याची घडी सैल पडू लागते. यावर उपाय म्हणून तासभर आधी मिग्लुस्टॅट पोटात देतात, जे वस्तुतः त्याच विकराचे अवरोधक होय, पण रक्तात ते विकराला चिकटून त्यास सावरते आणि लयकारिकेत पोहोचताच मोकळे सोडते.

काही व्याधींत विकराला मेंदूही गाठावा लागतो. त्यासाठी जपानमध्ये २०२१ साली, अशाच उणिवेच्या हंटर व्याधीच्या विकराला ट्रान्सफेरिनच्या ग्राहकास धरणारे प्रतिपिंड जोडले गेले. त्या मुलांची हाडे आणि हृदयाच्या झडपा यांच्यापर्यंत मात्र विकराचा हात अजून नीटसा पोहोचलेला नाही.