दोडक्याचा मांडव आणि फळमाशी

मेडशीत आमच्या घरामागं थोडी मोकळी जागा आहे. न्हाणीचं पाणी तिकडंच जातं, म्हणून भाजी बारा महिने निघते. 2024 साली तिथं भादवा-अश्विनात जे झालं ते सांगते. घरी मांडव असलेल्यांना उपयोग होईल.

महालक्ष्म्यांचं जेवण 11 सप्टेंबरला होतं. आपल्या विदर्भात त्यांना सोळा भाज्यांचा नैवेद्य, म्हणून दोडका, कोहळं, गवार, भेंडी, चवळी पावसाच्या तोंडालाच लावली होती. वेल मांडवभर पसरले. सप्टेंबरच्या सुरुवातीला पावसानं झोडपून काढलं आणि त्यानंतर दोडके वाकडे यायला लागले. बोटभर झाले की एका बाजूनं पिवळे पडायचे, दाबलं तर पिचपिचीत. कापलं की आत पांढऱ्या अळ्या. शेवटी नैवेद्याचा दोडका बाजारातून आला. यंदा सगळं घरचं, असं नणंदेला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे जरा ओशाळल्यासारखं झालं.

माझी भाची अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते. तिला फोटो पाठवले. "मावशी, फळमाशी आहे. फवारू नको, सापळा लाव," म्हणाली. ही माशी कोवळ्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते. अळी आतच गर खाते, मोठी झाली की मातीत उतरून कोष करते. फळात बसलेल्या अळीला वरचा फवारा काय करणार?

दुकानातून फळमाशीचा सापळा आणून टांगला. माश्या अडकल्या, पण दोडके सडायचे ते सडतच होते. भाचीनं पाकिटाचा फोटो मागवला. त्यावर मिथिल युजेनॉल लिहिलं होतं. सापळ्यातली ती वडी आंबा-पेरूवरच्या माशीसाठी असते. दोडका, कारलं, काकडी यांच्या माशीला क्यू ल्युर लागतो. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे, "एकच असते ताई." एकच नसते. मालेगावहून दुसरी वडी आणली तेव्हा खरा फरक पडला. पाकिटावरचं नाव वाचूनच पैसे द्या.

सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. खरं काम हातानं केलं. पिवळं पडलेलं प्रत्येक फळ रोज तोडायचं, खाली गळालेलं वेचायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायचं. आधी आम्ही ती उकिरड्यावर टाकत होतो, म्हणजे माशीला घरच करून देत होतो. मांडवाखालची माती खुरप्यानं उकरली. फूल सुकलं की कोवळ्या दोडक्याला कागदाची लांब पिशवी बांधली. बांधलेला दोडका सहसा वाचला.

कोहळ्याचं दुखणं वेगळं होतं. फुलं खूप, फळ एक नाही. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. त्या दिवसांत सकाळीच पाऊस असायचा, मधमाश्या यायच्या कुठून? मग सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मधला परागाचा दांडा मादी फुलात फिरवला. मादी फुलाच्या मागं इवलंसं कोहळं असतं, चुकायचं कारण नाही. अशी हातानं धरवलेली बरीच फळं टिकली.

दोडक्याचं उलट आहे. त्याची फुलं संध्याकाळी उघडतात. हे मला चहा घेऊन मांडवाखाली बसायला लागल्यावर कळलं. दिवेलागणीला फुलांवर पतंग येतात. तेव्हापासून निंबोळी अर्क मारायचा झाला तर कोहळ्यावर संध्याकाळी आणि दोडक्यावर सकाळी. फुलं मिटलेली असतानाच मारायचा, एवढंच.

भेंडीच्या फुलांवर काळे-नारिंगी पट्ट्यांचे किडे पाकळ्या कुरतडत बसलेले. मी उचलायला गेले तर शेजारच्या काकू ओरडल्या, "हिंगे होत ते! हात नोको लावू, फोड येतीन." खरंच आहे, त्यांच्या अंगातल्या रसानं कातडीवर फोड येतात. सकाळी ते सुस्त असतात. तेव्हा फांदी काडीनं झटकून साबणाच्या पाण्यात पाडले. भेंडीवरचे तेवढे काढले, जास्वंदीवरचे राहू दिले. त्यांच्या अळ्या मातीतली नाकतोड्यांची अंडी खातात, असं भाचीनं सांगितलं होतं.

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा चिकटला होता, आणि त्यात नारिंगी ठिपक्यांच्या लांबट काळ्या अळ्या फिरत होत्या. आमच्या यांनी लगेच पंप काढला. त्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत, मावा खातात, हे सांगून थांबवावं लागलं. कुरकुरले, पण सोयाबीन सोंगायला आलं होतं, फवारायला वेळ कुणाला होता! आठवड्याभरात शेंडे बऱ्यापैकी स्वच्छ झाले.

दसऱ्यापर्यंत, म्हणजे 12 ऑक्टोबरपर्यंत, बांधावरचा झेंडू भरून आला. तोरणं घरचीच झाली. दोडके मात्र तेव्हाही सगळे चांगले निघत नव्हते, चार-पाचांतला एखादा किडका असायचाच. क्यू ल्युरची वडी काही आठवड्यांनी उतरते, ती बदलावी लागते. आता पुढच्या पावसाळ्यात पहिलं फूल दिसलं की लगेच सापळा टांगणार आहे, फळ सडायची वाट बघणार नाही.